खुंटीच्या बुडाचं मेण

१

ठासणीचं रिव्हॉल्व्हर झाडलं की त्याच दिवशी धुवावं लागतं. उद्यावर ढकललं की संपलं. जळलेल्या दारूची काळी राख हवेतला ओलावा पिते आणि सकाळी बघावं तर नळीच्या आत लाल गंज, जणू कुणी आतून वीट घासली आहे. आर्कान्सातल्या आमच्या केन लँडिंग गावच्या प्रत्येक माणसाला हे सांगून मी थकलो होतो. चार वर्षं यादवी लढाईत पिस्तूल कमरेला लावून फिरलेली माणसं ही, पण धुवायचं म्हटलं की हात लुळे पडायचे. "लेम आहे ना, तो बघेल." त्यामुळे शनिवारी सकाळी माझ्या दुकानात जत्रा भरायची.

माझी थोरली बहीण ऑर्फा तेव्हा माझ्याकडेच राहायची. ती मागच्या चुलीवर पाण्याची किटली चढवायची आणि न चुकता म्हणायची, "आली का तुझी सडकी अंडी?" जळक्या दारूवर कढत पाणी पडलं की खरोखर तसाच वास सुटतो. मला तो वास आवडायचा.

पद्धत ठरलेली. बाजूची पाचर ठोकून काढायची की नळी पुढे सुटते. मग सहा घरांचं चक्र बाहेर येतं. प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासतात. मागच्या बाजूला एक बारीक पोकळ खुंटी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसते. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी खुंटीतून आत शिरते आणि दारू पेटते. सगळा खेळ त्या खुंटीच्या भोकाचा. सुईएवढं भोक, पण ते बुजलं तर हातातलं रिव्हॉल्व्हर म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा. म्हणून मी सहाही खुंट्या किल्लीने काढून फडक्यावर ओळीने मांडायचो, धुवायचो, तारेने कोरायचो आणि शेवटी एकेक उजेडाला धरून बघायचो.

ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी केझिया बर्डेट दुकानात आली. लोक गप्प झाले, दोघं-तिघं टोपी काढून बाहेर गेले. तिचा नवरा एसा याला जाऊन दोन महिने झाले होते. नदीवरची नाव आता तीच चालवत होती, काठापासून काठापर्यंत बांधलेला दोर ओढून ओढून तळहातांना घट्टे पडले होते. तिने अक्रोडाच्या लाकडाची पेटी माझ्यापुढे ठेवली.

"एसाचं आहे. त्या दिवसापासून तसंच पडलंय. नीट साफ कर, लेम."

"ठेवून जा. संध्याकाळी देतो."

"मी थांबते."

ती बाकावर बसली. मी पाचर काढली, चक्र काढलं, खुंट्यांना किल्ली लावली. एकेक खुंटी उलटी करून फडक्यावर ठेवली. सहाही खुंट्यांच्या बुडाला मेण दाबलेलं होतं. वरून भोक मोकळं दिसावं आणि आतून पक्कं बंद असावं, असं. प्रत्येक मेणाच्या ठिपक्यावर एक बारीक तिरपी रेघ होती. माझ्या उजव्या अंगठ्यावर कानशीने कापल्याची जुनी खूण आहे, तिची.

मला आश्चर्य वाटलं नाही. ते मेण मीच भरलं होतं.

२

ते कसं घडलं ते सांगतो. मला कुणी पैसे दिले नव्हते. कुणी मारलंही नव्हतं.

लढाईत आमच्या भागात गावरक्षकांची एक तुकडी होती, टॉलिव्हर गेन्स तिचा कॅप्टन. त्या तुकडीने नदीच्या वरच्या अंगाची एक पिठाची गिरणी जाळली. आत गिरणीवाला, त्याची बायको आणि म्हातारी आई होती. दारं बाहेरून बंद केलेली. एसा बर्डेट त्या दिवशी नावेवर होता, त्याने कोण कोण होतं ते डोळ्यांनी पाहिलं. लढाई संपली, फिरतं न्यायालय पुन्हा सुरू झालं, आणि एसा उघड म्हणू लागला की ऑगस्टात न्यायाधीश आले की मी शपथेवर सांगणार.

एका दुपारी गेन्स माझ्या दुकानात आला. एक सफरचंद घेतलं, चाकूने काप काढून खात उभा राहिला.

"एसा तुझ्याकडेच पिस्तूल देतो ना रे?"

"हो, कॅप्टन."

"या शनिवारी देईल. घाबरलाय बिचारा." त्याने एक काप चाकूच्या टोकावर माझ्यापुढे धरला. "खा. गोड आहे. तू एवढंच कर लेम, तुझं काम जरा वाईट कर. रोज चांगलं करतोस, एक दिवस वाईट."

मी तो काप खाल्ला. तीच माझी कबुली होती.

शनिवारी एसा आला. मोठ्या हाडाचा, हळू बोलणारा माणूस. "नीट कर हं, लेम," तो म्हणाला. "या आठवड्यात कदाचित लागेल." मी बकऱ्याची चरबी आणि मधमाशांचं मेण घट्ट मळून खुंट्यांच्या बुडात अंगठ्याने दाबलं, खुंट्या परत बसवल्या, दारू आणि गोळ्या ठासून दिल्या. घोड्याखालचं एक घर रिकामं ठेवायचं, पाच भरायची, अशी रीत. ती मी पाळली. तेवढा मी शिस्तीचा होतो.

मंगळवारी दुपारी गेन्स आणि त्याच्या तुकडीतला पर्डी हेनी नावेच्या धक्क्यावर गेले. माझं दुकान बरोबर त्याच्या वरच्या चढावर आहे, खिडकी उघडी होती. मी आवाज ऐकले. टक्. टक्. टक्. टक्. टक्. टोप्या फुटत होत्या, पाच, नुसत्या. कुणी काटक्या मोडाव्यात तसा आवाज. मग दोन मोठे बार झाले.

गेन्सने सांगितलं, एसाने आधी पिस्तूल काढलं. ते खोटंही नव्हतं.

म्हणून ऑक्टोबरात केझिया समोर बसलेली असताना मी ते मेण कोरून काढलं, तेव्हा मनात एकच भावना होती. सुटलो. पुरावा माझ्याच हाती आला, देवाची कृपा. मेण चुलीत टाकलं, खुंट्या चकचकीत केल्या, पाच घरं ताजी भरून पेटी तिच्या हाती दिली.

"झालं का साफ?" तिने विचारलं.

"अगदी."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "पुढच्या महिन्यात परत आणते."

३

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिने पेटी आणली. मी म्हटलं, झाडलं नसेल तर धुवायची गरज नाही. ती म्हणाली, "तरी बघ."

नळी स्वच्छ होती. पाच घरांत मी भरलेल्या गोळ्या तशाच होत्या, वर लावलेली चरबीसुद्धा अखंड. मी सवयीने खुंट्या काढल्या.

बुडाला मेण होतं, आणि त्यावर तिरपी रेघ.

मान वर केली नाही, कारण वर केली असती तर चेहरा दिसला असता. तारेने मेण काढलं, हाताने नाही. चुलीत टाकलं, जळताना पाहिलं.

ऑर्फाला मी अर्धीच गोष्ट सांगितली, की केझियाच्या पिस्तुलात मेण सापडतं. "तीच भरत असेल," ऑर्फा म्हणाली. "नवरा गेला की बाईचं डोकं फिरतं. माझं नाही का फिरलं होतं? मी सहा महिने त्याच्या बुटांना रोज पॉलिश करायचे." हे मला पटलं. केझियाच भरत असणार. पण तिरप्या रेघेचं काय? तिने माझ्या अंगठ्याचा ठसा कुठून आणला? मी स्वतःला समजावलं, एखाद्या काडीनेही तशी रेघ ओढता येते.

डिसेंबरात तेच. मी भिंग घेऊन पाहिलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या बारीक वळ्या उमटल्या होत्या. काडीला वळ्या नसतात.

मग मी एक युक्ती केली. केझियाला म्हटलं, "ओल्या हवेने पेटीत गंज शिरतो. मी बाहेरून दोरा बांधून वर शिशाचा ठिपका देतो. उघडू नकोस."

"मी कधी उघडलीच नाही," ती म्हणाली.

जानेवारीत ठिपका जसाच्या तसा होता. माझ्या पक्कडीच्या दातांची खूणही त्यावर होती. दोरा मीच कापला. त्या दिवशी नदीच्या काठाला बर्फ धरलं होतं, केझियाच्या शालीवरही बर्फाचे कण होते, पेटीचं लाकूड हाताला चटका देईल इतकं गार. आतलं लोखंडही तसंच.

मेण मात्र मऊ होतं. बोटाला लागलं तर कोमट. जणू कुणी नुकतंच मळून भरलं होतं.

"काय झालं, लेम?" बाकावरून केझियाने विचारलं. "सापडलं काही?"

"नाही. काही नाही."

"बरं."

४

एप्रिलमध्ये पर्डी हेनी मेला.

पर्डी वेताच्या रानात डुकराच्या मागे गेला होता, सोबत त्याचा मेहुणा. जखमी रानडुक्कर उलटलं. मेहुणा झाडावर चढला. पर्डी पळाला नाही, कारण कमरेला भरलेलं सहाबारी होतं आणि डुक्कर दहा पावलांवर. त्याने नेम धरला. मेहुण्याने नंतर सगळ्या गावाला तेच तेच सांगितलं. "टक् टक् टक् एवढंच ऐकू आलं. पर्डी पिस्तुलाकडे बघत राहिला. डुकराकडे बघतच नव्हता."

ते पिस्तूल आदल्या शनिवारी मी साफ केलं होतं. माझ्या आईच्या थडग्याची शपथ, नीट साफ केलं होतं. एकेक खुंटी उजेडाला धरली होती.

दफन झालं त्याच दुपारी गेन्स दुकानात आला. या वेळी सफरचंद नव्हतं. त्याने पर्डीच्या पिस्तुलाच्या खुंट्या आधीच उपसून रुमालात बांधून आणल्या होत्या. रुमाल त्याने माझ्या टेबलावर सोडला. सहा खुंट्या, सहा मेणाचे ठिपके, सहा तिरप्या रेघा.

"अंगठा दाखव," तो म्हणाला.

मी दाखवला. लपवून काय उपयोग होता?

"मी तुला एकदाच सांगितलं होतं ना? एकदाच!" त्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "आता तुला त्याची चटक लागली की काय? का ती बाई तुझ्याकडून करून घेते? दर महिन्याला येते, बाकावर बसते. सगळं गाव बघतं."

"कॅप्टन, देवाशपथ, पर्डीचं मी भरलं नाही. एसाच्याही पिस्तुलात दर महिन्याला..."

"दर महिन्याला काय?"

मी सांगितलं. माझ्याच तोंडून ते ऐकताना मलाच वेड्यासारखं वाटलं. गेन्स ऐकत राहिला. हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. त्याने खिडकीतून खाली धक्क्याकडे पाहिलं. तिथे केझिया नावेतून कुणाची तरी गाय उतरवत होती.

"मेलेली माणसं मेण मळत नाहीत," तो म्हणाला. "जिवंत मळतात. सोमवारी न्यायाधीश येतायत. एसाने कागदावर सही करून काहीतरी लिहून ठेवलंय आणि ते तिच्याजवळ आहे, हेही मला कळलंय. शनिवारी येतो. माझं पिस्तूल तू माझ्या डोळ्यांदेखत साफ करशील. मग मी खाली जाऊन तिचं बघतो. तिचं झालं की परत वर येतो." टोपी घालताना त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तू कुठे जाऊ नकोस."

५

शनिवारी केझिया सकाळीच येऊन गेली. मी तिला सांगायला हवं होतं. पेटी बांधत होतो, ती समोर उभी होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी नुसती दोऱ्याची गाठ आवळत राहिलो. त्या दिवशी तिच्या पिस्तुलात मेण नव्हतं. सात महिन्यांत पहिल्यांदा सहाही खुंट्या कोरड्या, मोकळ्या निघाल्या. हे मला मेण सापडण्यापेक्षा भयानक वाटलं. मी पाच घरं भरली आणि पेटी दिली.

"आज काही नव्हतं ना?" तिने विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि उतार उतरून गेली.

भर दुपारी गेन्स आला. ऑर्फाने कढत पाणी आणून ठेवलं आणि दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही आत जा." ती म्हणाली, "माझंच घर आहे, मला वाटेल तिथे उभी राहीन."

मी काम सुरू केलं. पाचर, नळी, चक्र. साबणाचं पाणी, ब्रश, पुन्हा पाणी. तो खुर्ची ओढून टेबलाला टेकून बसला होता, त्याचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. खुंट्या काढल्या, तारेने कोरल्या, चुलीजवळ सुकवल्या, परत बसवल्या. मेण आणि चरबीचा डबा त्याने आधीच उचलून बाहेर अंगणात फेकला होता.

"आता उजेडाला धर," तो म्हणाला.

मी रिकामं चक्र खिडकीकडे धरलं आणि पुढच्या बाजूने डोळा लावला. प्रत्येक घराच्या तळाशी उजेडाचा एक ठिपका. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सगळं मोकळं होतं. मी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात एक ठिपका गेला.

विझला नाही. काळा झाला असता तर मी म्हटलं असतं, कचरा अडकला. तो लाल झाला. आपण उन्हाकडे बोट धरलं की बोटाच्या कडेतून उजेड कसा लाल दिसतो, तसा. खिडकीच्या बाजूने, खुंटीवर कुणीतरी बोट ठेवलं होतं. मग दुसरा ठिपका लाल झाला. मग तिसरा. हळूहळू, घाई न करता, मी काम करतो त्याच चालीने.

मी चक्र खाली घेतलं. खिडकीत कुणी नव्हतं. बाहेर ऊन होतं आणि उताराच्या तळाशी नदी.

"काय रे?" गेन्स म्हणाला.

मी चक्राची मागची बाजू पाहिली. खुंट्यांवर काही नव्हतं. पुन्हा डोळा लावला. सहाही लाल.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर काय बोलला असता, हे मी नंतर पुष्कळ वेळा मनाशी ठरवून पाहिलं. त्या क्षणी मला गिरणीतली म्हातारी आठवली. ती मला लहानपणी गुळाचा पाक लावलेली मक्याची भाकरी द्यायची. ते आठवायला मला तीन वर्षं लागली होती.

"मोकळं आहे, कॅप्टन," मी म्हटलं.

त्याने चक्र माझ्या हातातून हिसकावलं आणि स्वतः उजेडाला धरलं. मी वाट पाहिली.

"सहा चांदण्या," तो म्हणाला. समाधानाने म्हणाला. "बघ, येतं ना तुला चांगलं काम."

दारू त्याने स्वतःच्या कमरेच्या दारूच्या शिंगातून घातली, गोळ्या स्वतः ठासल्या, टोप्या स्वतः बसवल्या. सहाही घरं भरली, एकही रिकामं ठेवलं नाही. मग उठला आणि उतार उतरू लागला.

ऑर्फाने माझ्याकडे पाहिलं. "कुठे चाललाय तो?"

"केझियाकडे."

"आणि तू बसून राहणार? पुन्हा?"

ते 'पुन्हा' कानाखाली बसलं. म्हणजे तिला माहीत होतं. किती दिवसांपासून, ते मी अजून विचारलेलं नाही.

६

मी धावलो. हातात काही नव्हतं. दुकानात दहा पिस्तुलं होती, एकही भरलेलं नव्हतं.

अर्ध्या उतारावर असताना आवाज सुरू झाले. टक्. मी थबकलो. टक्. टक्. मध्ये गेन्सने शिवी हासडलेली ऐकू आली. टक्. टक्. मग बराच वेळ काही नाही. सहावं टक् अगदी हळू आलं, जणू त्याला स्वतःलाच ते ऐकायचं नव्हतं.

मग एक बार झाला. मोठा, भरीव. नदीच्या पलीकडच्या काठावर आपटून परत आला.

मी पोचलो तेव्हा गेन्स धक्क्याच्या फळ्यांवर उताणा पडला होता, टाचा पाण्यात. छातीच्या मधोमध भोक होतं. त्याचं पिस्तूल मुठीतच होतं, सहाही टोप्या चेपलेल्या.

केझिया पायरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. पेटी तिच्या शेजारी, माझा दोरा आणि शिशाचा ठिपका तसाच.

"उघड," ती म्हणाली. "बघायचंय ना तुला?"

मी दोरा तोडला. पिस्तूल थंड होतं. पाच गोळ्या जागच्या जागी, चरबी अखंड, नळी आतून आरशासारखी. मी नाकाशी धरलं. झाडलेल्या पिस्तुलाचा वास मी झोपेतही ओळखीन. या पिस्तुलाला तेलाशिवाय कशाचाच वास नव्हता.

वास पाण्यावरून येत होता, सडक्या अंड्यांचा. मी वर पाहिलं.

नाव नदीच्या मध्यावर होती, पलीकडे चालली होती. तिच्यावर दारूचा पांढरा धूर अजून विरला नव्हता. धुरात एक माणूस आमच्याकडे पाठ करून दोर ओढत होता. मोठ्या हाडाचा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एक हात, मग दुसरा हात, घाई नाही.

मी केझियाकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती, नदीकडे बघतसुद्धा नव्हती.

"तुला दिसतो?" मी विचारलं.

"मला कशाला दिसेल? माझ्याशी त्याचं काही भांडण नाही."

पुन्हा पाहिलं तेव्हा नाव पलीकडच्या काठाला लागून रिकामी डोलत होती.

"केझिया, ते मेण..."

"ज्या दिवशी त्याला घरी आणलं त्याच दिवशी मी त्याचं पिस्तूल धुतलं," ती म्हणाली. "त्यानेच शिकवलं होतं, झाडलं की लगेच धुवावं. मला वाटलं, झाडलं असेल. खुंट्या मीच काढल्या. मीच मेण कोरून टाकलं. त्यावरची रेघ पाहिली. गावात तसा अंगठा एकाचाच." तिने एक शेंग मोडली. "म्हणजे ऑक्टोबरात तुझ्याकडे पेटी आणली तेव्हा आत काही नव्हतं, लेम. मला फक्त तुझा चेहरा बघायचा होता. पण तू वाकून काहीतरी कोरत बसलास. तेव्हा मला कळलं, तो आहे. मग मी दर महिन्याला आणत राहिले."

मी फळ्यांवर बसलो. "मारायचं असेल तर आजच मार. पाच घरं भरलेली आहेत. मी नीट भरली आहेत."

"मी?" तिने मान हलवली. "गंजाला घाई नसते, लेम. तूच सांगतोस ना सगळ्यांना?"

७

सोमवारी न्यायाधीश आले. एसाचा कागद वाचला गेला आणि तुकडीतले उरलेले चौघे बेड्या घालून नेले. गेन्सच्या मृत्यूची चौकशी बारा जणांसमोर झाली. त्याच्या पिस्तुलातून एकही गोळी सुटलेली नव्हती, केझियाच्याही नाही. दोन तास गोल गोल फिरून त्यांनी 'अनोळखी माणसाच्या हातून' असं लिहिलं.

मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सफरचंदाचा काप, मेण, पाच टोप्या, सगळं. अंगठा वर करून दाखवला. लोक खाली बघत राहिले. न्यायाधीश म्हणाले, गेन्स मेला आहे, तुमच्या बोलण्याला साक्षीदार नाही, आणि बेफिकीर कामाला फाशी देण्याचा कायदा आर्कान्सात नाही. मग हळू आवाजात म्हणाले, घरी जाऊन झोप काढा, लेम स्ट्राउड.

मी घरी गेलो नाही, धक्क्यावर गेलो. केझिया दोराला राळ लावत होती. तिने वर न बघता विचारलं, "सोडलं तुला?"

"हो."

"माझे खांदे गेलेत," ती म्हणाली. "उद्यापासून नाव तू चालव."

दुकान मी विकलं. ऑर्फा मिसूरीला तिच्या नणंदेकडे गेली, जाताना माझ्याशी बोलली नाही. त्याला आता बारा वर्षं झाली. रोज उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत मी नाव या काठाहून त्या काठाला नेतो. गाड्या, बैल, लग्नाची वऱ्हाडं, सगळं. लोक म्हणतात, एवढासा माणूस, भरल्या गाडीसकट नाव एकटा कशी ओढतो? पाणी चढलेलं असतानासुद्धा?

मी त्यांना सांगत नाही की दोर माझ्या हाताला कधी जड लागलेलाच नाही.

नाव रिकामी असली, मी एकटाच असलो, की तो दिसतो. नावेच्या पुढच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून. मी दोर धरतो त्याच्या वीतभर पुढे त्याचे हात असतात. एक हात, मग दुसरा. पहिली काही वर्षं नुसती पाठ दिसायची, घामाने ओली. मी त्याच्याशी बोलून पाहिलं, माफी मागून पाहिली, रडूनही पाहिलं. दोन वेळा नाव सोडून पळालो. दोन्ही वेळा दहा मैलांवर जाऊन तळहात असे भाजायला लागले, जणू दोर हातातून सरकतोय. परत आलो. केझिया पायरीवर बसलेली होती, तिने जेवणाची थाळी पुढे सरकवली.

चार वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा वाटलं की त्याची मान पूर्वीसारखी सरळ नाही. भास समजून मी सोडून दिलं. मग दोराच्या खांबावर खूण करून ठेवली आणि तिच्याशी ताडून बघू लागलो. महिन्याला केसभर. घाई न करता, तो वळतो आहे.

गेल्या शनिवारी मला त्याचा कान दिसला.